फेब्रुवारीतले तीनशे रुपये

महाराष्ट्रातल्या एखाद्या पगारदाराची पगाराची चिठ्ठी उलगडून पाहावी. कपातीच्या रकान्यात भविष्य निर्वाह निधी आणि प्राप्तिकर यांच्या भारदस्त आकड्यांखाली एक किरकोळ आकडा बसलेला असतो. व्यवसाय कर, रुपये २००. अकरा महिने दोनशे आणि फेब्रुवारीत तीनशे. नोकरीला नव्याने लागलेला मुलगा पहिल्या फेब्रुवारीत हिशेबनिसाकडे जातो आणि शंभर रुपये जास्त का कापले म्हणून विचारतो. हिशेबनीस मान वर न करता सांगतो, वर्षाचे अडीच हजार भरायला नकोत का? उत्तर बरोबर आहे, पण अर्धेच. ते अडीच हजार मुळात कशासाठी, हे बहुधा हिशेबनिसालाही ठाऊक नसते.

हा कर १९७५ साली आला. शहरातल्या पगारदाराने, वकिलाने, डॉक्टरने, दुकानदाराने वर्षाला थोडे पैसे द्यायचे आणि त्यातून खेड्यात काम मागणाऱ्याला सरकारने काम द्यायचे, असा तो सरळ व्यवहार होता. जगात इतरत्र अर्थशास्त्रज्ञ ज्यावर प्रबंध लिहीत होते, ती गोष्ट महाराष्ट्राने आधी करून पाहिली आणि मग तिचा कायदा केला. रोजगार हमी योजना, बोलीभाषेत ‘रोहयो’. हिची गोष्ट सांगताना बहुतेक जण बहात्तरच्या दुष्काळापासून सुरुवात करतात. खरे तर ती आणखी शंभर वर्षे मागे जाते.

१८७६ ते ७८ या काळात दख्खनमध्ये जो दुष्काळ पडला, त्यात इंग्रज सरकारने खडी फोडण्याची आणि तलाव-रस्ते खणण्याची कामे काढली होती. म्हणजे दुष्काळ पडला की सरकारी काम, ही सांगड जुनीच. पण त्या कामाचा हेतू वेगळा होता. मागायला आलेला माणूस खरोखरच उपाशी आहे की फुकटचे लाटायला आला आहे, याची परीक्षा घ्यायची, म्हणून काम. व्हाइसरॉयने पाहणीला पाठवलेल्या सर रिचर्ड टेंपलने मजुरी उतरवून दिवसाला एक पौंड धान्य आणि वर थोडेसे पैसे इतक्यावर आणली. मद्रास इलाख्यात तर घरापासून दहा मैलांच्या आतल्या कामावर कुणाला घेऊ नये, असा दंडक घातला गेला. ज्याच्या पोटात काही नाही त्याने दहा मैल चालत जाऊन दाखवावे, मग तो खरा गरजू! मुंबई इलाख्यातल्या मजुरांनी १८७७ च्या सुरुवातीला या मजुरीवर काम करायला नकार दिला आणि हजारोंच्या संख्येने कामे सोडली. पुण्याच्या सार्वजनिक सभेने त्यांची बाजू सरकारदरबारी मांडली. सार्वजनिक काका म्हणजे गणेश वासुदेव जोशी यांचे नाव स्वदेशीसाठी घेतले जाते. दुष्काळी मजुरांच्या मजुरीसाठी त्यांनी लिहिलेल्या अर्जांची आठवण मात्र क्वचितच निघते.

पुढे दुष्काळ आयोग नेमला गेला, दुष्काळ संहिता तयार झाल्या, कारभाराला शिस्त आली. एक गोष्ट मात्र बदलली नाही. दुष्काळ आहे की नाही, हे उपाशी माणूस ठरवत नसे. ते ठरायचे आणेवारीवर. पीक किती आणे आले याचा अंदाज महसूल खाते काढणार, तो ठरावीक पातळीच्या खाली गेला तर वरून दुष्काळ जाहीर होणार आणि मग कामे निघणार. आणेवारी त्या पातळीच्या जरा वर राहिली की दुष्काळ नाही. ज्याच्या घरात जमीनच नाही त्याच्या चुलीचा हिशेब कुठल्याच आणेवारीत बसत नव्हता. पाऊसपाणी चांगले झालेल्या वर्षीसुद्धा संक्रांतीनंतर शेतात काम उरत नसे आणि मग माणसे ‘जगायला’ जात. मराठीत हे क्रियापद आजही त्याच अर्थाने वापरले जाते. गाव सोडून जगायला जाणे म्हणजे गावात राहून जगता येत नाही, याची कबुलीच.

ही कोंडी फोडण्याची कल्पना सांगली जिल्ह्यातल्या एका माणसाच्या डोक्यातून निघाली. वि. स. पागे. गांधीविचारांचे, काँग्रेसचे, मितभाषी. १९६० पासून १९७८ पर्यंत ते विधान परिषदेचे सभापती होते. सभापतीचे काम घंटा वाजवून सभागृह शांत करण्याचे. त्या खुर्चीतून एखादी योजना निघावी अशी कुणाची अपेक्षा नव्हती. पागे यांनी १९६५ मध्ये मुख्यमंत्री वसंतराव नाईक यांच्याकडे कल्पना मांडली आणि तासगाव तालुक्यातल्या विसापूर भागात काही गावांत प्रयोग सुरू झाला. जो अंगमेहनतीचे काम मागेल त्याला गावाजवळ काम द्यायचे. दुष्काळ जाहीर होण्याची वाट पाहायची नाही. आणेवारी विचारायची नाही.

‘मागेल त्याला काम’ या तीन शब्दांत सगळी उलटापालट होती. आतापर्यंत सरकार मेहरबानी करत होते. आता ते देणे लागत होते.

त्याच सुमारास पुण्यात गोखले अर्थशास्त्र संस्थेत वि. म. दांडेकर आणि नीलकंठ रथ भारतातल्या दारिद्र्याचा हिशेब मांडत होते. १९७१ मध्ये तो प्रसिद्ध झाला आणि देशभर गाजला. जमिनीचे कितीही वाटप केले तरी सगळ्या गरिबांचे पोट भरेल इतकी जमीन नाही, तेव्हा ग्रामीण भागात मोठ्या प्रमाणावर कामे काढून मजुरी द्यावी, हा त्यांचा निष्कर्ष होता. सभापतींचा तासगावातला प्रयोग आणि पुण्यातला हा हिशेब वेगवेगळ्या वाटांनी एकाच ठिकाणी येऊन पोचले.

१९७२ च्या पूर्वार्धात सरकारने योजना राज्यभर लागू करण्याचे जाहीर केले. आणि पावसाने पाठ फिरवली.

बहात्तरचा दुष्काळ एका वर्षाचा नव्हता. आधीची दोन वर्षेही हलाखीचीच गेली होती. ज्यांनी तो पाहिला ती माणसे आज सत्तरीच्या पुढे आहेत. बहात्तरला खायला नव्हते पण प्यायला पाणी होते, असे ती आताच्या टँकरच्या दुष्काळाकडे पाहून म्हणतात. सरकारने सर्वत्र दुष्काळी कामे काढली आणि नवी योजना तात्पुरती बाजूला राहिली. १९७३ च्या मे महिन्यात सुमारे ५० लाख माणसे या कामांवर होती. राज्याची लोकसंख्या तेव्हा पाच कोटी. म्हणजे लेकराबाळांसकट दर दहा माणसांत एक माणूस सरकारी खडीवर किंवा मातीकामावर! चांगल्या घरच्या म्हणवणाऱ्या, उंबरा न ओलांडणाऱ्या बायकाही डोक्यावरचा पदर पुढे ओढून हातोडी घेऊन बसल्या. अमेरिकेतून आलेला लालसर मिलो रेशनवर मिळे. त्याची भाकरी धड थापता येत नसे आणि घशाखाली उतरत नसे. कामावर मिळणारी सुकडी पोरांना आवडे. अर्थशास्त्रज्ञ ज्याँ द्रेझ यांनी पुढे या दुष्काळाचा बारकाईने अभ्यास केला. इतके पीक बुडूनही मोठ्या प्रमाणावर भूकबळी गेले नाहीत, याचे श्रेय त्यांनी प्रामुख्याने या कामांना दिले.

पण त्या कामांतून हाती काय उरले? रस्त्यांच्या कडेला खडीचे ढीग. कित्येक ठिकाणी ते पुढे अनेक वर्षे तसेच पडून होते. इतकी खडी वापरायला रस्तेच नव्हते. माणसे जगवायची होती, जगवली. पण त्याच घामात दुष्काळ हटवणारे काही का बांधले नाही, हा प्रश्न तिथेच सुरू झाला. पुण्यातले उद्योजक-अभियंता विलासराव साळुंखे यांनी पुरंदर तालुक्यात हे पाहिले आणि १९७४ मध्ये नायगाव इथे देवस्थानची जमीन भाड्याने घेऊन पाणी अडवण्याचा प्रयोग सुरू केला. त्यातून पाणी पंचायत उभी राहिली. पाण्याचा वाटा जमिनीच्या एकरांवर नव्हे तर घरातल्या माणसांवर ठरवायचा, उसाला पाणी द्यायचे नाही आणि भूमिहीनालाही वाटा द्यायचा, हे तिचे नियम. शेवटचा नियम ऐकून तेव्हा कित्येकांच्या भुवया उंचावल्या. ज्याला जमीनच नाही त्याने पाणी घेऊन काय करायचे? त्याने कसायला जमीन घ्यावी किंवा आपला वाटा दुसऱ्याला द्यावा. पण तो धनी आहे, हे आधी मान्य व्हावे, इतकीच अट होती.

दुष्काळ सरल्यावर योजना पुन्हा हाती घेतली गेली. आता पैशाचा प्रश्न होता. म्हणून १९७५ चा व्यवसाय कर आला. त्याच्या जोडीला बागायती जमिनीवर, मोटार वाहनांवर, विक्रीकरावर अधिभार बसला आणि या सगळ्यातून जितके जमेल तितकीच भर सरकारने आपल्या तिजोरीतून घालायची, असे ठरले. १९७७ मध्ये दोन्ही सभागृहांनी रोजगार हमी कायदा एकमताने मंजूर केला. राष्ट्रपतींची संमती येऊन तो २६ जानेवारी १९७९ पासून लागू झाला. काम मिळण्याचा हक्क राज्यघटनेच्या मार्गदर्शक तत्त्वांत अनुच्छेद ४१ मध्ये लिहिलेला होताच. पण मार्गदर्शक तत्त्वाच्या जोरावर कुणी तलाठ्याला जाब विचारू शकत नाही. कायद्याच्या जोरावर विचारू शकतो.

हे एकमत जरा संशयाने पाहण्यासारखे आहे. मुंबई-पुण्याचे आमदार शहरावर कर बसवायला तयार झाले, कारण खेड्यातली माणसे गावातच राहिली तर फूटपाथवर आणि झोपडपट्टीत कमी येतील. बागायतदारांचे आमदार तयार झाले, कारण कामे निघणार होती त्यांच्याच शिवारात. रोनाल्ड हेरिंग आणि रेक्स एडवर्ड्स या दोन अभ्यासकांनी १९८३ मध्ये नेमके यावर बोट ठेवले. मजुराला मजुरी मिळते, पण पाझर तलावाखालच्या विहिरींना पाणी येते ते जमीनदाराच्या. ही टीका खरी होती. तरीही एक गोष्ट त्यांच्या आकडेमोडीपेक्षा गावात जास्त जाणवत होती. रोहयोचे काम चालू असले की त्याच बागायतदाराला मजुरीचा दर वाढवावा लागे. ‘येत नसशील तर नको येऊ’ हे वाक्य आता दोन्ही बाजूंनी म्हणता येत होते.

ठाणे जिल्ह्याच्या आदिवासी पट्ट्यात तर याला आणखी वजन होते. लग्नासाठी सावकाराकडून पैसे उचलायचे आणि त्यापोटी नवराबायकोने वर्षानुवर्षे त्याच्या शेतावर राबायचे, अशा ‘लग्नगडी’ पद्धतीतून सुटलेल्या माणसाला दुसऱ्या दिवशी काय खायचे हा प्रश्न असे. वेठबिगारांच्या सुटकेसाठी लढणाऱ्या संघटनांनी रोहयोची कामे मागण्यावर भर दिला तो यासाठीच. शहाद्याच्या श्रमिक संघटनेने भिल्ल मजुरांचे मोर्चे नेले, तेही कामाची मागणी घेऊन.

आता प्रत्यक्ष कामावर जाऊ. कायद्याप्रमाणे मजुराने नमुना ४ भरून काम मागायचे. पंधरा दिवसांत काम मिळाले पाहिजे, तेही साधारण पाच किलोमीटरच्या आत. टेंपलच्या काळातले दहा मैल डोळ्यांपुढे आणले की हे पाच किलोमीटर काय आहेत ते कळते. काम न दिल्यास बेकारी भत्ता, दिवसाला किमान एक रुपया. कामावर पिण्याचे पाणी, सावली, लहान मुलांना सांभाळायला पाळणाघर. बाई आणि पुरुष यांना एकच दर.

नाला बांधाच्या कामावर बारा-पंधरा जणांची टोळी असते. पुरुष कुदळीने खणतात, फावड्याने पाट्या भरतात. बायका त्या डोक्यावर घेऊन बांधावर टाकतात. खणताना खड्ड्याच्या मधोमध मातीचा एक उंचवटा न खणता तसाच ठेवतात. मूळ जमीन कुठवर होती याचा तो साक्षीदार. आठवड्याअखेर अभियंता टेप घेऊन येतो, उंचवट्यावरून खोली मोजतो, लांबी-रुंदी घेतो आणि किती घनमीटर काम झाले ते वहीत मांडतो. मजुरी त्या मापावर. सात तास नेटाने काम करणाऱ्याला शेतमजुरीच्या किमान दराइतके पैसे पडावेत, अशा बेताने दर बांधलेले. पण जमीन सगळीकडे सारखी नसते. मुरुमाच्या जागी खडक लागला आणि वहीत ‘मऊ माती’ अशी नोंद झाली, तर आठवडाभर राबून निम्मेही पदरात पडत नाही. संघटनांची निम्मी भांडणे या टेपवरची होती. उरलेली हजेरीपटावरची, कारण त्यावर कामावर कधी न आलेल्या माणसांचे अंगठेही उमटत.

आणखी एक मेख होती. नवे काम काढायला किमान ५० मजुरांची मागणी लागे. वाडीवर तीसच हात असले तर हमी कागदावरच. आणि बेकारी भत्ता? तो प्रत्यक्षात मिळालेली माणसे शोधून काढावी लागतील. एक रुपयासाठी तहसील कचेरीचे हेलपाटे घालणार कोण?

तरीही माणसे येत होती. १९७९-८० मध्ये सुमारे २० कोटी मनुष्यदिवस काम झाले. कुमुदिनी दांडेकर आणि मंजू साठे यांच्या पाहणीत कामावर येणारी बहुतांश माणसे खरोखरच गरीब, भूमिहीन किंवा अल्पभूधारक निघाली. त्यात आश्चर्य नाही. ज्याला दुसरे काही मिळते तो उन्हात पाट्या वाहायला येत नाही. दहांत चार मजूर बायका होत्या, आणि ही एरवी कुठल्याच सरकारी योजनेत न दिसणारी गोष्ट होती. त्याच काळात केंद्र सरकार गरिबांना म्हैस, शेळ्या, शिलाई यंत्र घ्यायला कर्ज देत होते. रथ यांनी १९८५ मध्ये त्यावर कोरडे ओढले. चारा नाही, पाणी नाही, डेअरी नाही अशा गावात एका म्हशीने गरिबी कशी हटणार? त्यापेक्षा मजुरी द्या, हे त्यांचे म्हणणे. आज बचत गट आणि सूक्ष्म कर्जाच्या गजरात रथ यांचा तो लेख पुन्हा वाचायला हवा.

खडी की धरण, या बहात्तरच्या प्रश्नालाही सांगली जिल्ह्यातच एक उत्तर सापडले. खानापूर तालुक्यात मुक्ती संघर्ष चळवळीतल्या दुष्काळग्रस्तांनी खडी फोडायला लावू नका, दुष्काळ संपवणारी कामे द्या, अशी मागणी केली. पुढे येरळा नदीतली वाळू विकून त्या पैशातून त्यांनी बळीराजा स्मृती धरण बांधले आणि पाण्यात भूमिहीनांना आणि बायकांना वाटा ठेवला. नगर जिल्ह्यातल्या हिवरे बाजारने पुढे डोंगरावर समतल चर खणले, झाडे लावली, त्यातही रोहयोचा पैसा होता. १९९० मध्ये फळबाग लागवड रोहयोला जोडली गेली आणि कोकणचा काजू-आंबा, सोलापूरचे डाळिंब यांनी मोठी झेप घेतली. हे यश निर्विवाद आहे. फक्त बाग लावायला आधी जमीन लागते, हे त्याचा गौरव करणाऱ्या भाषणांत कुणी सांगत नाही.

दरम्यान मजुरीचा वाद न्यायालयात पोचला होता. राजस्थानातल्या दुष्काळी कामांबाबतच्या एका खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने १९८३ मध्ये निकाल दिला की किमान वेतनापेक्षा कमी पैशात काम करून घेणे म्हणजे वेठबिगारीच, मग ते दुष्काळी काम का असेना. १९८८ मध्ये महाराष्ट्रात किमान वेतन एकदम दुपटीने वाढले आणि रोहयोचे दरही वाढले. मग चमत्कार झाला. दर वाढले, मजूर वाढायला हवे होते, पण कामेच कमी निघू लागली. मनुष्यदिवसांचा आकडा कोसळला. हमी कायद्यात होती तशीच राहिली. फक्त ‘सध्या काम मंजूर नाही’ हे उत्तर वारंवार ऐकू येऊ लागले.

आणि एक वर्ग या हमीच्या जाळ्यात कधी सापडलाच नाही, तो म्हणजे ऊसतोड मजूर. बीडचा माणूस दसऱ्यानंतर पश्चिम महाराष्ट्रात ऊस तोडायला का जातो? गावात रोहयो असताना? कारण मुकादम उचल देतो. पावसाळ्यात, मुलीच्या लग्नाला, दवाखान्याला, एकरकमी. नवराबायको मिळून एक ‘कोयता’, आणि त्या कोयत्यावर आगाऊ पैसे. रोहयो पैसे देते काम झाल्यावर, मोजणी झाल्यावर, सही झाल्यावर. गरिबाची गरज आधी येते आणि मजुरी नंतर, ही साधी गोष्ट मुकादमाला कळली होती. योजना आखणाऱ्यांना ती अजून कळलेली नाही.

२००५ मध्ये संसदेने देशभरासाठी रोजगार हमीचा कायदा केला तेव्हा त्याच्यापुढे नमुना होता तो महाराष्ट्राचा. २ फेब्रुवारी २००६ रोजी आंध्रातल्या अनंतपूर जिल्ह्यातून त्याची सुरुवात झाली. महाराष्ट्रात प्रौढ माणसाला मागेल तितके दिवस काम मिळण्याचा हक्क होता. देशाला मिळाले ते कुटुंबामागे वर्षाला १०० दिवस. महाराष्ट्राने आपला कायदा त्याच्याशी जुळवून घेतला आणि शंभर दिवसांवरच्या कामाचा खर्च स्वतःकडे ठेवला. मूळ हमीचे नाव १९७७ च्या कायद्याच्या रूपाने टिकले, पण ती राबवण्याची ईर्षा आधीच ओसरली होती. पहिली काही वर्षे तर रोजगार हमीच्या जन्मभूमीपेक्षा राजस्थान आणि आंध्रात जास्त काम निघत होते.

व्यवसाय कर मात्र चालूच राहिला. घटनेच्या अनुच्छेद २७६ ने त्याला वर्षाला २५० रुपयांची मर्यादा घातली होती. १९८८ मध्ये घटनादुरुस्ती करून ती अडीच हजार केली गेली. पगार तेव्हापासून कितीतरी पटींनी वाढले, भाव वाढले, अर्थसंकल्पाचा आकार कुठल्या कुठे गेला. अडीच हजारांची मर्यादा तिथेच आहे. अकरा महिने दोनशे, आणि फेब्रुवारीत तीनशे.